हात न लावता

लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात वीसेक वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या सहा जणांना त्यात दिलेलं काम अगदी घरातलं होतं. मासिकं आणि पुस्तकं उचलायची आणि फडताळात लावायची. अट एवढीच, की ती झटक्यानं कमजोर झालेल्या हातानंच लावायची. त्या हाताला हालचाल मोजणारा छोटा सेन्सर बांधलेला होता आणि खोलीत एक रोबो होता. त्याला ना चेहरा होता ना हात. चाकांवर फिरणारी एक बुटकी पेटी, तिच्यावर कॅमेरा, पुढे अंतर मोजणारा लेझर आणि बोलण्यासाठी स्पीकर.

हात थांबला की हा रोबो जवळ यायचा आणि आठवण करून द्यायचा. हात चालत असला की शाबासकी द्यायचा. कधी रेकॉर्ड केलेल्या माणसाच्या आवाजात, कधी यंत्राच्या आवाजात, कधी नुसत्या ध्वनींनी. रुग्णाला मात्र तो एकदाही शिवायचा नाही.

या प्रयोगामागे माया मातारिच होत्या. बेलग्रेडमध्ये जन्मलेल्या, एमआयटीत रॉडनी ब्रुक्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड फील-सायफर यांनी २००५ मध्ये अशा यंत्रांच्या क्षेत्राला ‘सोशली असिस्टिव्ह रोबॉटिक्स’ असं नाव दिलं. रुग्णाचं अंग धरून हलवणारी ही यंत्रं नव्हेत. ती शेजारी थांबतात, बघतात, बोलतात, मोजतात. या लेखापुरतं आपण त्यांना सोबती रोबो म्हणू.

न शिवण्यामागे पैशाचा हिशोब होताच. माणसाचा हात उचलून धरणारं यंत्र मजबूत लागतं, म्हणून महाग होतं, आणि त्याच्याकडून इजा होण्याची धास्ती कायम राहते. पण त्याहून मोठं कारण रुग्णाच्या मेंदूत आहे. ज्या घरात झटका येऊन गेला आहे तिथल्या माणसांनी हे पाहिलेलं असतं. डॉक्टरांसमोर आजोबा उजवा हात डोक्यापर्यंत उचलून दाखवतात. घरी आले की चहाचा कप डाव्या हातानं, सदऱ्याची बटणं डाव्या हातानं, टीव्हीचा रिमोटही डाव्याच हातानं. उजवा मांडीवर पडून असतो. घरचे म्हणतात, आळस करतात. तो आळस नसतो.

एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याचं मूळ माकडांवरच्या प्रयोगांत शोधलं. एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई, हालचालीच्या नसा शाबूत असूनही. आधी प्रयत्न करी, फसे, धडपडे. दुसऱ्या हातानं भागतंय हे कळलं की पहिला हात बाजूला पडे तो पडेच. चांगला हात बांधून ठेवला की मात्र तोच सोडून दिलेला हात पुन्हा कामाला लागे. १९८१ मध्ये टॉब यांच्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या प्रयोगशाळेतल्या माकडांचे हाल उघडकीला आले, पोलिसांनी ती जप्त केली, खटला चालला. आज अनेक माणसं ज्या उपचारानं आपला हात पुन्हा वापरू लागली त्याची मुळं त्या पिंजऱ्यांत आहेत. हे लिहिताना त्या जनावरांची आठवण ठेवायलाच हवी.

माणसांवरचा उपचार याच निरीक्षणातून आला. चांगल्या हाताला जाड मोजा घालून ठेवायचा, जागेपणीचा ९० टक्के वेळ, दोन आठवडे, आणि कमजोर हाताकडून कसून सराव करून घ्यायचा. ‘एक्साइट’ या नावानं अमेरिकेत झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उपचाराचा गुण दिसला. त्या चाचणीतल्या एक संशोधक कॅरोली विन्स्टाइन या फिजिओथेरपीच्या प्राध्यापक, मातारिच यांच्याच विद्यापीठातल्या. फडताळाच्या प्रयोगातही त्या होत्या. हात काय करू शकतो आणि माणूस तो खरोखर किती वापरतो, या दोन गोष्टींमधलं अंतर त्यांना पुरतं ठाऊक होतं.

ते अंतर मिटवायला सराव लागतो आणि सरावाचा आकडा मोठा आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूची घडण बदलताना दिसते ती एकच हालचाल दिवसाला ४०० ते ६०० वेळा केल्यावर. आणि प्रत्यक्षात? कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या सात ठिकाणी पुनर्वसनाची ३१२ सत्रं बसून मोजली. हाताचा कामाचा सराव ज्या सत्रांत झाला त्यांतही सरासरी होती ३२ वेळा. हा अभ्यास २००९ चा आणि सुसज्ज केंद्रांतला आहे. थेरपिस्ट कामचुकार होते असं मुळीच नाही. एका सत्रात त्यांना रुग्णाला उठवायचं असतं, चालवायचं असतं, तोल बघायचा असतो, नातेवाइकांशी बोलायचं असतं. उरलेल्या शेकडो हालचाली रुग्णानं एकट्यानं करायच्या असतात, घरी, कुणी बघत नसताना.

*

ही उणीव यंत्रानं भरून काढायचा पहिला विचार अर्थातच हात हलवणाऱ्या यंत्राचा होता. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हेर्मानो इगो क्रेब्स यांनी घडवलेलं एमआयटी-मॅनस हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. रुग्ण त्याच्या दांड्यावर हात ठेवतो, पडद्यावरच्या लक्ष्याकडे नेतो, आणि जिथे हात कमी पडतो तिथे यंत्र जोर लावतं. दर सत्रात शेकडो हालचाली सहज होतात. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या ‘रॅटुल्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामात सरस सुधारणा त्यात दिसली नाही.

या निकालाचं ओझं सोबती रोबोंच्या बाजूनं पारड्यात टाकणं बरोबर होणार नाही, कारण त्यांच्यापाशी एवढी मोठी चाचणीच नाही. बहुतेक अभ्यास दहा, वीस, फार तर काही डझन माणसांवरचे आहेत. तरीही मला त्यांचं काम महत्त्वाचं वाटतं, कारण ते वेगळ्याच ठिकाणी हात घालतात. रुग्णाला ती हालचाल स्वतःहून करावीशी वाटते का, आणि उद्याही करावीशी वाटेल का, हे ते तपासतात.

यातला एक अभ्यास विशेष लक्षात राहतो. आद्रियाना तापुस आणि मातारिच यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला. त्यांनी रोबोला दोन स्वभाव दिले. एक आव्हान देणारा, आवाज चढा, बोलणं भरभर, माणसाच्या जवळ येऊन थांबणारा. दुसरा सांभाळून घेणारा, हळू आणि मऊ बोलणारा, थोडं अंतर राखणारा. बहिर्मुख माणसांना पहिला जास्त पटला, अंतर्मुखांना दुसरा. ऐकायला साधं वाटतं. पण फिजिओथेरपीच्या विभागात तासभर बसून पाहिलं तर कळतं, की अनुभवी थेरपिस्ट दिवसभर हेच करत असतात. एकाला “काका, एवढ्यात दमलात?” असं डिवचतात आणि शेजारच्या खाटेवरच्या मावशींच्या पाठीवर नुसता हात ठेवतात. ही जाण कुठल्या पाठ्यपुस्तकात नसते. यंत्रात ती घालायची तर आधी माणसांनी ती शब्दांत मांडावी लागते, आणि या क्षेत्रातलं मोलाचं काम पुष्कळदा तिथेच घडलं आहे.

*

सर्वांत विस्तारानं सांगावंसं काम कोलंबियातलं आहे. बोगोटा शहरात कार्डिओइन्फान्तिल ही हृदयरोगासाठी नावाजलेली संस्था आहे. तिथे हृदयविकाराचा झटका किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी बाह्यरुग्ण पुनर्वसन चालतं, १८ आठवडे, आठवड्याला दोन, म्हणजे एकूण ३६ सत्रं. प्रत्येक सत्रात ट्रेडमिलवर चालायचं. इथे कमी पडते ती चिकाटी. पहिल्या महिन्यात भीतीपोटी येणारा माणूस बरं वाटू लागलं की यायचा थांबतो. ही अडचण जगभरची आहे. आपल्याकडे बायपास झालेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात विचारून बघा.

बोगोटाच्या हुलिओ गाराविटो अभियांत्रिकी विद्यापीठातले कार्लोस सिफुएन्तेस आणि मार्सेला मुनेरा, आणि इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले टोनी बेल्पाम आणि बहार इर्फान यांनी मिळून ट्रेडमिलपाशी नाओ हा रोबो उभा केला. नाओ म्हणजे ५८ सेंटिमीटर उंचीचा, फ्रान्समध्ये घडवलेला, लहान मुलासारख्या बांध्याचा रोबो. रुग्णाच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, पावलांचा वेग आणि लांबी टिपायला लेझर, उत्तरं द्यायला समोर पडदा. किती श्रम वाटताहेत हे सहा ते वीस या बोर्ग मापावर सांगायचं असतं. ते रोबो ठराविक वेळानं विचारतो. रुग्ण खाली पावलांकडे बघू लागला की मान वर ठेवायला सांगतो, कारण चालत्या पट्ट्याकडे बघत राहिलं की चक्कर येते. ठोके मर्यादेपलीकडे गेले तर डॉक्टरांना बोलावतो.

इर्फान यांनी त्यात ओळख घातली. रोबो माणसाला नावानं बोलावतो, मागच्या वेळी कसं चाललं ते सांगतो, सत्र चुकलं असेल तर त्याबद्दल बोलतो. ओळखण्यासाठी नुसत्या चेहऱ्यावर विसंबून भागत नाही. प्रकाश बदलतो, माणूस चष्मा लावून येतो. म्हणून चेहऱ्याबरोबर उंची, वय, यायची नेहमीची वेळ असं सगळं जुळवून ठरवायचं. अडीच वर्षं चाललेल्या या कामात चाळीसहून जास्त रुग्ण सहभागी झाले. प्रयोगशाळेत ठीक चालणारं रुग्णालयात कसं अडखळतं, हे त्यांनी नंतर तपशीलवार लिहून ठेवलं. असं लिहायला संशोधक सहसा तयार नसतात, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

त्यांतल्या एका रुग्णाची हकिगत २०२० मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. साठीचा पुरुष, हृदयविकाराचा झटका आलेला, अँजिओप्लास्टी झालेली. १८ आठवड्यांत त्यानं ३५ सत्रं पूर्ण केली. मध्येच एका सत्रात रोबो आणि सेन्सर यांनी धोक्याची स्थिती वेळीच टिपली, डॉक्टर धावले आणि त्याला पुढच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवलं गेलं. तो बरा झाला. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण इथे इशारा देणारं यंत्र आणि उपचार करणारी माणसं एकाच खोलीत होती, आणि त्यामुळेच तो इशारा कामाला आला. घरी एकट्याच असलेल्या माणसापाशी हेच यंत्र ठेवलं असतं तर कुणी धावलं असतं का, हे या क्षेत्रातल्या विक्रेत्यांना विचारायला हवं.

मुलांच्या बाबतीत गोष्ट थोडी निराळी. मुलांना बरं व्हायची घाई नसते, त्यांना खेळायचं असतं. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये स्विनबर्न विद्यापीठाच्या मंडळींनी हाच नाओ सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या व्यायामांसाठी तिथल्या फिजिओथेरपिस्टांच्या सल्ल्यानं जागेवरच घडवत नेला. स्पेनमध्ये माद्रिदच्या कार्लोस तिसरा विद्यापीठानं सेव्हिलच्या रुग्णालयासाठी ‘नाओथेरपिस्ट’ बनवला. जन्मताना खांद्याच्या नसांना इजा झालेल्या किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी. रोबो हाताची एक स्थिती करून दाखवतो, मूल ती करतं, कॅमेरा तपासतो. चुकलं तर रोबो आधी मुलाची चुकलेली स्थिती स्वतः करून दाखवतो आणि मग ती सुधारतो. मुलाला आपली चूक समोर उभी दिसते, आणि ती करणारा आपल्याहून लहान असतो. ११७ निरोगी शाळकरी मुलांवर आणि तीन रुग्णांवर त्याची तपासणी झाली. तीन हा आकडा वाचकानं नजरेआड करू नये.

नाओच्या सांध्यांतल्या मोटारी तापतात, तो अधूनमधून कोसळतो, माणसाच्या शरीराला जमणारे पुष्कळ व्यायाम त्याला जमत नाहीत. एवढं सगळं सहन करण्यापेक्षा टीव्हीच्या पडद्यावर कार्टूनच का दाखवू नये? हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनी तो टाळलेला नाही. मातारिच यांचे विद्यार्थी हुआन फासोला यांनी वृद्धांना बसून व्यायाम करायला लावणारा रोबो आणि त्याचंच पडद्यावरचं रूप यांची तुलना केली. लोकांना समोर उभा असलेला रोबो जास्त आवडला आणि जास्त उपयोगाचा वाटला. इस्रायलच्या नेगेव्हमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात शेली लेव्ही-त्सेदेक आणि रोनित फाइनगोल्ड-पोलाक पेपर नावाच्या रोबोला घेऊन पक्षाघाताच्या रुग्णांसाठी कप मांडण्यासारखे रोजचे सराव घडवले, तेही संगणकाच्या पडद्याशी ताडून बघत. समोर शरीर असलं की माणूस त्याच्यासाठी थोडा सावरून बसतो, हे खरंच दिसतं. किती महिने सावरून बसतो, हे पुरेसं दिसलेलं नाही. नवलाई ओसरल्यावर काय उरतं ते बघायला महिनोन्‌महिने लागतात, आणि संशोधनाचा निधी तोवर संपतो.

*

आपल्याकडे एक उत्तर नेहमी तयार असतं. आपल्याला रोबो कशाला, घरात माणसं आहेत की. ‘अटेंड’ या चाचणीनं याच विश्वासाची परीक्षा घेतली. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि सिडनीतले सहकारी यांनी भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांना त्यात घेतलं. अर्ध्यांच्या घरातल्या एका माणसाला थेरपिस्टनं रुग्णालयात शिकवलं, नंतर घरी जाऊनही मार्गदर्शन केलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, सुमारे ४७ टक्के. ‘लॅन्सेट’मध्ये हे २०१७ साली आलं.

सूनबाई, मुलगा, बायको यांनी कसूर केली असा याचा अर्थ कुणी काढू नये. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, औषधं, नोकरी, पोरांची शाळा, यातून रोज ४०० वेळा हात हलवून घ्यायला कुणाकडे ताकद उरते? शिवाय नात्यातली सक्ती लवकर कडू होते. बायकोनं दहाव्यांदा “व्यायाम केलात का?” विचारलं की त्यात काळजी आणि राग दोन्ही असतात आणि नवऱ्याला रागच ऐकू येतो. यंत्राच्या आठवणीला मागचापुढचा इतिहास नसतो. मला या यंत्रांचा खरा उपयोग इथे दिसतो. घरच्या माणसाकडून तगाद्याचं काम काढून घेतलं तर त्याला नुसतं शेजारी बसता येईल.

पण त्यासाठी यंत्राला आपलं बोलणं यायला हवं. पक्षाघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा भाषाही जाते. ज्याचा उजवा हात सरावाला सर्वांत जास्त आसुसलेला आहे, नेमकं त्यालाच बोलता येत नाही किंवा शब्द जड येतात. इंग्रजी वाक्य ओळखणारं यंत्र त्याच्यापाशी निरुपयोगी. बीड किंवा सिंधुदुर्गातल्या आजींना ज्या बोलीत आयुष्यभर हाक मारली गेली त्या बोलीत हाक मारायला हवी, आणि त्यांनी मान हलवली, भुवई उचलली, तर तेवढं उत्तर पुरायला हवं. घरात कॅमेरा बसणार म्हणजे तो काय टिपतो आणि ते कुठे जातं, हेही त्याच आजींना समजेल अशा भाषेत आधी सांगायला हवं.

दुसरी काळजी कंपन्यांची. जिबो हा घरगुती रोबो बाजारात येऊन काही वर्षांत बंद पडला, आणि आपले सर्व्हर बंद होणार असल्याचं त्यानं स्वतःच मालकांना सांगितलं. मुलांसाठीच्या मॉक्सी या रोबोची कंपनी, जिच्या स्थापनेत मातारिचही होत्या, २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली. पेपरचं उत्पादन २०२० मध्येच थांबलं होतं. नाओ आणि पेपर जिनं घडवले ती आल्देबारां कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता एका चिनी कंपनीनं घेतली. रोज सकाळी ज्याच्या सोबतीनं रुग्ण हात हलवतो ते यंत्र परक्या देशातल्या ताळेबंदामुळे मुकं होणार असेल, तर आपल्या सरकारी रुग्णालयांनी ते विकत घेण्याआधी शंभरदा विचार करावा. उघडं सॉफ्टवेअर, इथे दुरुस्त होणारे भाग आणि इंटरनेटशिवाय चालण्याची सोय, या अटी निविदेतच हव्यात.

मातारिच यांचा गट अजून हाताची क्षमता आणि वापर यांतल्या त्याच जुन्या अंतराचा माग काढतो आहे. २०२३ मध्ये नेथन डेनलर, विन्स्टाइन आणि त्यांनी ‘सायन्स रोबॉटिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एक यांत्रिक हात पक्षाघाताच्या १४ रुग्णांसमोर, शंभरहून जास्त ठिकाणी, एकेक करून बटण धरतो. सूचना द्यायला शेजारी एक सोबती रोबो. आधी सांगायचं, कुठल्याही हातानं दाबा. मग सांगायचं, कमजोर हातानंच दाबा. पहिल्या वेळी माणूस काय करतो आणि दुसऱ्या वेळी काय करू शकतो, यांतला फरक समोरच्या हवेतल्या प्रत्येक जागेसाठी नोंदला जातो. डॉक्टरांसमोर उचललेला आणि घरी मांडीवर पडलेला हात यांचा हा नकाशाच झाला. थेरपिस्टला त्यावरून कळतं, की या माणसाचा हात डावीकडे, छातीच्या उंचीवर, जमत असूनही जात नाही.

नागपूर, पुणे, मुंबई, लोणी इथल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांत दरवर्षी मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. रुग्णाला हात उचलायला लावताना ती काय म्हणतात, आजोबांना काय आणि कामावरून आलेल्या तरुण गवंड्याला काय, हे आजच रेकॉर्ड करून ठेवता येईल. वऱ्हाडीत, मालवणीत, अहिराणीत. त्यासाठी रोबो लागत नाही, एक फोन आणि रुग्णाची संमती पुरते. पुढे कधी इथे एखादं यंत्र आलंच, तर त्याच्या तोंडी घालायला हीच वाक्यं लागतील.